नऊ दिवसांची जेली

घंटी वाजवून तो दोन पावलं मागे सरला आणि जेलीच्या कपांचा डबा छातीशी धरून उभा राहिला. दार उघडायला नेहमी बाईंना सांभाळणाऱ्या मावशी यायच्या, ओले हात पुसत, "आला का आमचा खाऊ," असं म्हणत. आज दार बाईंच्या लेकीनं उघडलं. तिच्या अंगावर बाहेर जायचे कपडे होते, केस मात्र विंचरलेले नव्हते. खांद्याला एक फुगलेली पिशवी होती आणि तिच्यातून टॉवेलचं टोक बाहेर लोंबत होतं.

"आज नको, दादा," ती म्हणाली. "आई दवाखान्यात आहे. सकाळीच हलवलं."

"काय झालं?"

"न्यूमोनिया. काहीतरी पातळ छातीत उतरलंय म्हणाले डॉक्टर. एकदा नव्हे, बरेच दिवस थोडं थोडं उतरत असणार." ती पिशवीत किल्ली चाचपत होती. "मावशींना काढून टाकलं मी."

"का?"

"आईला पाणी पाजलंय कोणीतरी. मी दिवसभर ऑफिसात. घरात दुसरं असतं कोण? विचारलं तर म्हणतात, एक थेंब दिला नाही. रडल्या, शपथा घातल्या. पण छातीत पाणी काय आपोआप गेलं?"

त्यानं डब्याकडे पाहिलं. वरच्या कपाच्या झाकणावर हिरव्या अक्षरांत छापलेलं होतं : फक्त फळांच्या पेक्टिनपासून.

"बऱ्या होतील बाई," तो म्हणाला.

"तुमची जेली होती म्हणून एवढे दिवस पोटात काही जात तरी होतं," ती कुलूप लावत म्हणाली, आणि त्याच्या आधी भराभरा जिना उतरून गेली.

तो जिन्यातच थांबला. 'पातळ' हा शब्द त्याच्या डोक्यातून हलेना.

बाई तंत्रशाळेत फळप्रक्रिया शिकवायच्या. तीस वर्षं शिकवली. पहिल्याच आठवड्यात त्यानं साखरेच्या पाकाची तीन पातेली ओळीनं करपवली होती, तेव्हापासून त्याचं नाव पाक्या पडलं. ते नाव बाईंनीच ठेवलं, आणि आता त्याचा स्वतःचा जेलीचा कारखाना असला, कानांवरचे केस पिकले असले, तरी त्या घरात तो पाक्याच होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या, चार मोठी पातेली, एक फ्रीज आणि तो नि त्याची बायको. पण तिथं जे काही शिजायचं ते बाईंनी शिकवलेलं होतं. फळाच्या पेशी म्हणजे विटा, बाई फळ्यावर काढून दाखवायच्या, आणि पेक्टिन म्हणजे विटांच्या मधला चुना. फळ पिकून लिबलिबीत होतं, म्हणजे चुना सुटतो. म्हणून जेलीला फळ थोडं कच्चं घ्यायचं. पेरूच्या बिया, संत्र्याच्या सालीचा पांढरा भाग, सफरचंदाचा मधला कडक गाभा, लोक जे जे फेकतात तिथंच ते जास्त असतं. चमचाभर रस तीन चमचे स्पिरिटमध्ये सोडायचा. पेक्टिन असेल तर गोळा बांधतो, नसेल तर नुसते धागे तरंगतात. हेच पेक्टिन घशाच्या गोळ्यांत असतं, जुलाबाच्या औषधात असतं, असंही त्या सांगायच्या आणि खिशातून खोकल्याची गोळी काढून तोंडात टाकायच्या.

जिलेटिनचा धडा आला की त्या स्वतः मागे सरायच्या. ते हाडांपासून आणि कातड्यापासून करतात. बाईंनी आयुष्यात अंडंसुद्धा खाल्लं नव्हतं. शाळेच्या ओव्हनमध्ये अंड्याचा केक भाजायला त्यांनी मुख्याध्यापकांना सरळ नकार दिला होता. मग त्या वर्गातल्या कोणालातरी पुढे करायच्या, आणि बहुतेक वेळा तो पाक्याच असायचा. जिभेवर ठेव, हलवू नकोस, काय होतं ते मोठ्यानं सांग.

यंदा बाईंना झटका आला. उजवं अंग गेलं आणि घसाही अर्धा गेला. साधं पाणी प्यायलं की ठसका लागायचा. गिळायचे व्यायाम शिकवायला एक थेरपिस्ट यायची. तिनं पाण्यासकट सगळं घट्ट करून द्यायला सांगितलं. पाण्यात पावडर घालून ते मधासारखं जाड करायचं आणि चमच्यानं भरवायचं. बाईंना ते आवडत नसे. "खळ पाजतात मला," त्या अडखळत म्हणायच्या. तेव्हा त्यांची लेक एक कागद घेऊन कारखान्यात आली होती. पेक्टिनचीच जेली हवी, आई दुसरी खाणार नाही, शिवाय थेरपिस्टनंही तसंच लिहून दिलंय, असं तिनं सांगितलं.

"ताई, बाईंना मी दुसरं काही देईन का?" तो म्हणाला होता. कागद त्यानं न वाचता भिंतीवरच्या तारेला खोचला आणि रोज दोन कप स्वतः नेऊन द्यायला लागला.

मग बंदरात संप झाला आणि पेक्टिनची पोती अडकली. हॉटेलची मोठी मागणी समोर होती. एका बेकरीसाठी मागवलेलं जिलेटिन कोपऱ्यात पडून होतं. पोती सुटेपर्यंत, नऊ दिवस, त्यानं तेच वापरलं. झाकणं जुनीच लावली. बाईंच्या दोन कपांपुरतं पेक्टिन त्याला काढता आलं असतं. कच्चे पेरू उकळायचे, फडक्यात बांधून टांगायचे, रस आटवायचा. तीन तासांचं काम होतं. पहिल्या दिवशी त्यानं उद्या करू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून त्यानं तसं म्हणणंही सोडलं. बाईंना काय कळणार, आणि कळलं नाही तर त्यात पाप ते काय, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

कारखान्यात आल्यावर त्यानं फ्रीज उघडला. मागच्या फळीवर त्या नऊ दिवसांतला एक कप उरला होता. त्यानं झाकण काढलं, चमचाभर जेली जिभेवर ठेवली आणि तोंड मिटून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिला. सेकंदकाटा अर्ध्यावर यायच्या आत चमचाभर जेलीचं चमचाभर पाणी झालं आणि आपलं आपण घशाकडे निघालं. पेक्टिनची जेली अशी वितळत नसे.

"काय झालं?" बायको लेबलं चिकटवता चिकटवता म्हणाली. "कडू औषध प्यायल्यासारखं तोंड का केलंस?"

त्यानं तारेवरचा कागद काढला. तळाशी, नीट हातानं लिहिलेल्या दोन ओळी होत्या. 'तोंडात वितळून पातळ होणारी जेली, बर्फ, आइस्क्रीम देऊ नये. श्वासनलिकेत जाण्याचा धोका.' त्यानं कागद तिच्यापुढे धरला. तिनं वाचला. मग त्यानं दारात काय ऐकलं ते सांगितलं.

"मावशींना काढलं?"

"हो."

"आणि तू काय म्हणालास?"

"बाई बऱ्या होतील म्हणालो."

पुढचं लेबल तिनं तिरकं लावलं, नखानं काढलं, पुन्हा लावलं.

"हाडांचं खाऊ घातलं एवढंच मला वाटत होतं," तो म्हणाला. "तेच मनाला खात होतं. हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"मी काय सांगू तुला? तोंड तुझं आहे. तूच उघड."

पण ते त्याच्याकडून उघडलं गेलं नाही. पुढचे बारा दिवस गेले. दोनदा तो दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आला. तिसऱ्यांदा वॉर्डापर्यंत गेला. बाईंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. लेकीनं त्याला बघून लगेच स्वतःची खुर्ची दिली.

"बसा, दादा. एवढ्या धावपळीत तुम्ही आलात." तिनं पलंगाखालून एक चपटं खोकं काढलं. "पडून पडून आईच्या टाचेला जखम झाली. नर्सनं ही पट्टी लावली. आतलं काय आहे वाचा. पेक्टिन. म्हटलं, बघा, खायलाही यांचंच आणि लावायलाही यांचंच."

ती हसली. कित्येक दिवसांत ती हसली नसावी, असं ते हसू होतं. त्यानं खोकं हातात घेतलं, छापलेली अक्षरं वाचल्यासारखी केली, आणि हात धुऊन येतो म्हणून उठला. बेसिनपाशी तो बराच वेळ नळाखाली हात धरून उभा होता. त्याच्यामागे रांग लागली. एका म्हाताऱ्यानं, "भाऊ, विहीर आटेल," असं म्हटल्यावर तो बाजूला झाला आणि तसाच जिन्यानं खाली उतरून घरी गेला.

बाई घरी आल्याचं कळलं त्या दुपारी मात्र तो गेला. हातात काही घेतलं नव्हतं. लेक खाली औषधाच्या दुकानात निघाली होती.

"बरं झालं आलात. दहा मिनिटं बसाल आईजवळ? एकटीला सोडवत नाही. मावशींच्या जागी दुसरी कोणी शोधतेय, पण विश्वास कोणावर टाकायचा?"

बाईंचा पलंग खिडकीपाशी होता. त्या फार वाळल्या होत्या. गळ्याची कातडी सैल पडली होती. डोळे मात्र तेच होते, पातेल्यातल्या पाकाला तार आली की नाही हे लांबून सांगणारे.

"पाक्या," त्या म्हणाल्या. जीभ जड होती, पण नाव कळलं. "बस."

तो बसला नाही. उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं. संप, पोती, जिलेटिन, नऊ दिवस, जुनी झाकणं. कच्च्या पेरूंचं आणि तीन तासांचंही सांगितलं, कारण ते गाळलं असतं तर बाकीचं सांगण्यात काही अर्थ उरला नसता. बोलताना तो पलंगाच्या पायाकडे बघत होता. संपल्यावरही त्यानं मान वर केली नाही.

"माहीत... आहे," बाई म्हणाल्या.

त्याला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"पहिल्या दिवशी. पहिला चमचा." प्रत्येक शब्दासाठी त्या थांबत होत्या. "वितळली. वर्गात तूच... सांगायचास. पाणी होतं, बाई."

"मग थुंकून का नाही टाकलीत? मावशींना सांगायचं. मला एक शिवी घालायची."

बाईंनी डोळे मिटले. डावा हात पांघरुणावरून सरकत कडेला आला आणि तिथला एक सुटलेला धागा ओढायला लागला.

"दोन महिने... पाणी नाही. खळ. सगळी खळ. रात्रंदिवस तहान." त्या थांबल्या, थुंकी गिळली, हनुवटी छातीला टेकवून सावकाश गिळली. "जिभेवर ठेवायची. थांबायचं. मग पाणी. थंड. एक घोट... पुरता घोट पण नाही."

तो खुर्चीत बसला.

"चुकीचं जातंय... कळायचं. खोकला यायचा. उशीत तोंड घालून दाबायची. मावशीला कळू नये म्हणून."

"बाई, ते हाडांचं होतं."

"तेही माहीत होतं." त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "सत्तर वर्षं... अंड्याला हात नाही लावला. किती मिरवलं. आणि एका घोटासाठी..."

खालून स्कूटर गेल्याचा आवाज आला. दोघंही कान देऊन बसली, जणू चोरी करताना कोणीतरी पकडेल. कोणी आलं नाही.

"मावशींचं काय?" तो हळू आवाजात म्हणाला.

बाईंनी तो धागा पुन्हा ओढला.

"दवाखान्यात बोलता येत नव्हतं. नळी होती." धागा त्यांच्या बोटाभोवती गुंडाळला गेला होता. "मग काढली. बोलता यायला लागलं." पुन्हा थांबल्या. "तरी नाही बोलले. लेक काय म्हणेल. एवढी राबते. नोकरी, मी, दवाखाना. आणि आईनं मुद्दाम..."

त्यांना पुढे बोलवेना. त्यानं ओठांच्या कोपऱ्यातली लाळ रुमालानं टिपली. या बाईंनी एकदा पाक ढवळताना त्याच्या बोटाला चटका बसला म्हणून भर वर्गात त्याचा हात धरून नळाखाली धरला होता, आणि ओरडल्याही होत्या. आता त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या.

"हे तुझ्यापाशी... ठेव," त्या म्हणाल्या. "तुझं तू सांग. माझं नको."

त्यानं मान हलवली. जिन्यात पावलं वाजली.

लेक आत आली, औषधं टेबलावर ओतली आणि पावती बघायला लागली. तो उभा राहिला आणि तिला म्हणाला, "ताई, मावशींनी पाणी दिलं नव्हतं." मग मघाचंच सगळं पुन्हा सांगितलं. या खेपेला ते जास्त लवकर संपलं. तिनं मध्येच थांबवलं नाही. हातातली गोळ्यांची पट्टी ती दुमडत राहिली, एकदा इकडे, एकदा तिकडे.

"मी कागद दिला होता तुम्हाला."

"वाचला नाही."

"नऊ दिवस?"

"नऊ."

"दवाखान्यात आलात, त्या खुर्चीत बसलात, तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं टेबलावरची औषधं एका रांगेत लावली, लहान बाटली मोठीच्या पुढे.

"मावशींना काय काय बोलले मी," ती त्या बाटल्यांना म्हणाली. "आणि ऑफिसात सांगत होते, आईचा एक विद्यार्थी आहे, त्याच्या हातचं खाऊन ती तगलीय." मग त्याच्याकडे वळली. "तुम्ही जा. आत्ता जा, प्लीज. नाहीतर माझ्या तोंडून काहीतरी निघेल."

त्यानं एकदा पलंगाकडे पाहिलं. बाईंचा चेहरा भिंतीकडेच होता. खांद्यावरचं पांघरूण हलत होतं, पण त्यांनी तोंड वळवलं नाही. त्याला त्यांचा राग येईल असं वाटलं, पण आला नाही. बारा दिवस त्यानंही हेच केलं होतं.

मावशी कुठं राहतात ते त्याला ठाऊक होतं. एकदा बस चुकली तेव्हा त्यानंच त्यांना स्कूटरवरून सोडलं होतं. शिंप्याच्या दुकानावरची दुसऱ्या मजल्यावरची खोली. त्या खाली बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्याला बघून त्यांनी आधी ग्लासभर पाणी आणून समोर ठेवलं.

"बाई कशा आहेत?" त्यांनी विचारलं. आणि मग, "ताईंनी पाठवलं?"

"नाही. माझा मी आलो."

पाण्याचा ग्लास त्याच्या गुडघ्यापाशी होता. घसा कोरडा पडला होता, पण त्याला तो उचलवेना. त्यानं तिसऱ्यांदा सांगायला सुरुवात केली. मावशींचे घड्या घालणारे हात थांबले नाहीत. शर्ट, परकर, उशीचे अभ्रे. 'जिलेटिन' म्हणजे काय ते त्यांनी एकदा विचारलं, कळलं तेव्हा नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "पुढे." सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी गठ्ठा बाजूला ठेवला.

"मी त्यांना चमचे मोजून भरवले. हनुवटी छातीला लावायची, मग चमचा, मग दोनदा गिळायचं. थेरपिस्ट बाईंनी दाखवलं तसंच. एकदा चुकले नाही. आणि मला काय ऐकायला लागलं, ठाऊक आहे? दया दाखवायला गेलात आणि माझ्या आईला मारायला निघालात."

"मावशी, माझं चुकलं."

"घरी आले तर सून विचारते, आई, खरंच नाही ना दिलंत? ती वाईट नाही हो. सहज विचारलं तिनं." मावशींनी नाकाशी हात नेला आणि काढून घेतला. "मग मलाच वाटायला लागलं, दिलं की काय आपण. कधी बेसावध असताना. त्या इतक्या तहानलेल्या असायच्या. रात्री झोपेतून उठून आठवत बसायचे, कुठल्या दिवशी दिलं असेल."

त्याला वाटलं होतं मावशींचं फक्त काम गेलं.

"माफ करा म्हणायला तोंड नाही," तो म्हणाला. "तरी म्हणतो."

"इथं नका म्हणू. इथं मला कोणी काही बोललं नव्हतं." त्या उठल्या आणि कपड्यांचा गठ्ठा फळीवर ठेवला. "उद्या सकाळी येते मी. तुम्ही पण या. ज्या दारात मला बोलल्या त्या दारात सांगा."

"ताईंना सांगितलंय मी."

"माझ्यासमोर नाही सांगितलंत."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मावशी जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या. इस्त्रीचे कपडे, केस चापूनचोपून बसवलेले, लग्नाकार्याला निघाल्यासारख्या. त्याच्याशी एक शब्द न बोलता त्या पुढे चढल्या आणि घंटी त्यांनीच वाजवली.

लेकीनं दार उघडलं आणि तिला दोघंही दिसली. त्यानं उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं. शेजारच्या दाराची कडी वाजली, फट पडली, पण मावशी तिथून हलल्या नाहीत, म्हणून तोही हलला नाही. शेवटचं वाक्य पूर्ण होईपर्यंत त्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. परीक्षा घेणारे बघतात तसं.

"मावशी," लेक म्हणाली. "मी तुम्हाला..."

"तुम्ही आईसाठी बोललात," मावशी म्हणाल्या. "मी पण बोलले असते." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "पण लागलं मला. ते मी नाही म्हणणार नाही."

"परत याल?"

"ते बघू. आधी बाईंना बघते."

त्या आत गेल्या, बेसिनवर हात कोपरापर्यंत धुतले आणि पलंगापाशी जाऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काय हो, किती वाळलात. दोन आठवडे मी नाही तर ही दशा." त्यांनी एका हातानं बाईंची पाठ उचलली, दुसऱ्यानं उशी सारखी केली. हे त्यांनी इतक्या सहज केलं की लेक बाजूला होऊन नुसती बघत राहिली. मग मावशींनी टेबलावरचं पावडरचं डबडं घेतलं, पेल्यातल्या पाण्यात मोजून दोन चमचे घातले, ढवळलं, घट्ट होईपर्यंत वाट बघितली आणि चमचा भरून बाईंच्या ओठांशी नेला.

बाईंनी तोंड उघडलं नाही.

"घ्या. थोडंसं."

बाईंनी मान हलवली. डोळे मावशींच्या चेहऱ्यावर होते आणि ते भरून आले होते.

"आई, काय होतंय?" लेक पुढे आली. "दुखतंय का?"

"थांब," बाई म्हणाल्या. "आधी... ऐका."

खोलीच्या दाराशी उभ्या असलेल्या पाक्याला काय येतंय ते कळलं. त्यानं चपला शोधायला पाय मागे घेतला. निदान आपल्यासमोर त्यांना ते बोलायला लागू नये.

"तू कुठं... निघालास?" बाई म्हणाल्या. "इकडे ये."

तो पलंगाजवळ गेला. त्यांनी चांगल्या हातानं त्याचं मनगट पकडलं. पकडीत जोर नव्हता, पण त्यांनी ते सोडलं नाही. मावशींच्या हातातला चमचा तसाच हवेत राहिला. बाईंनी हनुवटी छातीला टेकवली, एकदा गिळलं, मान वर केली आणि लेकीकडे बघत बोलायला सुरुवात केली. पहिला शब्द 'पाणी' होता. तो नीट उमटला नाही, म्हणून त्यांनी तो पुन्हा म्हटला.